तीन नवे समुद्री मासे, एक क्वारंटाइन टाकी आणि कॉपरची मात्रा

पार्श्वभूमी

प्रकरण पुण्यातल्या एका घरातलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. टाकीच्या मालकीणबाईंना मी ताई म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

ताईंकडे चार फुटी समुद्री टाकी आहे. प्रवाळ नाहीत, फक्त मासे. तळ साफ ठेवायला गोगलगायी आणि हर्मिट खेकडे, शिवाय दोन क्लीनर कोळंब्या. आदल्या वर्षी नवा आणलेला एक मासा थेट या टाकीत सोडला गेला. त्याच्यासोबत व्हेल्वेट नावाचा परजीवी आला आणि आठवड्याच्या आत घरातला एकूण एक मासा गेला. त्यानंतर ताईंनी टाकीचे पंप चालू ठेवून तिच्यात अकरा आठवडे एकही मासा सोडला नाही. या परजीवींना जगायला मासाच लागतो. तो मिळाला नाही की त्यांची साखळी तुटते. कोळंब्या आणि गोगलगायींवर ते जगत नाहीत. एवढी वाट पाहिल्यावर मोठी टाकी स्वच्छ मानायला हरकत नव्हती. म्हणूनच नवा मासा आता क्वारंटाइनमधून गेल्याशिवाय तिच्यात जाणार नाही, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

मुंबईतल्या एका दुकानातून तीन मासे ठरले: साधारण आठ सेंटिमीटरचा पावडर ब्ल्यू टँग, एक कोरल ब्यूटी आणि एक सिक्स लाइन रास. माणसाला भुरळ घालणारे रंग, पण औषधाच्या दृष्टीने अवघड त्रिकूट. पावडर ब्ल्यू हा हिंदी महासागरातला मासा, लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका हे त्याचं घर. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला इतक्या सहज होतो की तो आणताना रोग धरूनच चालावं. कोरल ब्यूटीसारखे बुटके एंजलफिश कॉपरला, म्हणजे परजीवी मारणाऱ्या तांब्याच्या औषधाला, नाजूक. आणि रास जातीचे मासे क्लोरोक्विन या दुसऱ्या औषधाला नाजूक. एकाला हवं ते दुसऱ्याला सोसत नाही, आणि तिघं राहणार एकाच टाकीत.

आणण्याआधीची तयारी

ताईंनी दुकानात फोन करून आधी दोन गोष्टी विचारल्या. तुमच्या पाण्याची क्षारता किती? आणि पाण्यात औषध आहे का? क्षारतेचं उत्तर १.०१८ (विशिष्ट गुरुत्व) आलं. औषधाबद्दल दुकानदार म्हणाले, "मॅडम, आमच्या सगळ्या टाक्यांत कॉपर असतंच." किती, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

क्षारतेचं उत्तर फार उपयोगी पडलं. जास्त क्षारतेतून कमी क्षारतेत मासा पटकन सामावतो, उलट्या दिशेने मात्र त्याला त्रास होतो. म्हणून क्वारंटाइन टाकी आधीच १.०१८ वर आणून ठेवली आणि पुढे रोज साधारण ०.००१ याप्रमाणे वाढवायचं ठरवलं. त्यामुळे मासे घरी आल्यावर थेंबथेंब पाणी मिसळत तासभर बसायची गरज उरली नाही. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. लांबून आलेली पिशवी उघडून ठेवणं म्हणजे माशाला त्या विषात बसवणं. तापमान जुळेपर्यंत बंद पिशवी तरंगत ठेवली, मग मासे काढून सरळ टाकीत सोडले. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ दिलं नाही.

त्या पाण्यातलं कॉपर ताईंनी मोजलं. ०.३५ मिलिग्रॅम प्रति लिटर. या आकड्याकडे पुढे परत येऊ.

क्वारंटाइन टाकी दोन फुटी होती. तळाशी रेती नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. स्पंज फिल्टर महिनाभर आधीपासून मोठ्या टाकीच्या संपमध्ये (पाणी गाळणाऱ्या जोडटाकीत) ठेवून मुरवलेला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वसलेले. जाळी, बादली, सायफनची नळी हे सगळं वेगळं, प्रत्येकावर लाल चिकटपट्टी. वर जाळीचं झाकण, कारण रास उडी मारतो.

आणि पाणी किती? दुकानात ही टाकी "सत्तर लिटरची" म्हणून विकतात. बाहेरून ती ६० बाय ३० सेंटिमीटर आहे. काच ६ मिलिमीटरची, म्हणजे आतून ५८.८ बाय २८.८. पाण्याची उंची ३२. गुणाकार केला तर ५४ लिटर आणि थोडं वर. ताईंनी त्यावर विश्वास न ठेवता खुणेच्या बादलीने मोजून पाणी भरलं, ते ५५ लिटर भरलं. सत्तर धरून औषध घातलं असतं तर मात्रा सव्वापटीहून जास्त झाली असती. कॉपरसारख्या औषधात मारक मात्रा आणि उपचाराची मात्रा यांत फार अंतर नसतं. भरलेल्या पाण्याच्या पातळीवर काचेवर पट्टी चिकटवली. तिचा उपयोग पुढे रोज झाला.

अडचण

पहिले तीन दिवस ठीक गेले. टँग नोरीचे (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे) तुकडे खाऊ लागला, रास पहिल्या दिवसापासून मायसिस ही बारीक कोळंबी टिपत होता, कोरल ब्यूटी लाजत लाजत दुसऱ्या दिवशी खायला लागली. चौथ्या दिवशी सकाळी टँग पाइपवर अंग घासताना दिसला. संध्याकाळपर्यंत त्याच्या पंखांवर आणि कुशीवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके होते आणि कल्ल्यांची हालचाल भराभर चालली होती.

आता ०.३५ चा अर्थ लागला. दुकानातल्या पाण्यात चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूने बांधलेलं, कॉपर असावं. त्याची उपचाराची पातळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर असते. ०.३५ मध्ये परजीवी मरत नाही, फक्त दबून राहतो. दुकानाच्या काचेआड मासा निर्मळ दिसतो, साध्या पाण्यात आला की तीन-चार दिवसांत रोग उसळतो. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. शेकडो मासे एका जोडलेल्या पाण्यात सांभाळणारे बरेच जण असंच करतात. पण विकत घेणाऱ्याने हे गृहीत धरलंच पाहिजे.

ठिपके दोन रोगांचे असू शकतात. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, म्हणजे समुद्री इच: ठिपके सुटे, मोजता येतील असे. दुसरा अमायलूडिनियम ओसेलाटम, म्हणजे तोच व्हेल्वेट: अंगावर बारीक पिठूळ थर, आणि ठिपके दिसण्याआधीच श्वास लागतो. टँगचे ठिपके मोजता येत होते, म्हणून इच. पण श्वासही लागला होता, म्हणून व्हेल्वेट नाहीच असं म्हणता येईना. इच आठवडाभर वेळ देतो. व्हेल्वेट दोन दिवसही देत नाही. आधीच्या वर्षीचा अनुभव ताईंच्या डोळ्यांसमोर होता. त्यांचा आवाज फोनवर कापत होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दुकानदारांनीच दिला होता: लेबल नसलेली निळ्या औषधाची बाटली, "दहा लिटरला पाच थेंब". आत कॉपर आहे की मेथिलीन ब्ल्यू की दोन्ही, हे कळायला मार्ग नाही. थेंब किती मिलिलिटरचा, तेही नाही. ती बाटली बाजूला ठेवली.

दुसरा पर्याय घरातूनच आला. ताईंचे सासरे नाशिककडचे द्राक्ष बागायतदार. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) त्यांच्याकडे पोत्याने असतं. ते म्हणाले, "अगं, कॉपरच हवंय ना, मग विकत कशाला आणतेस?" प्रश्न बरोबर होता. जगभर मत्स्यपालनात मोरचूदच वापरतात. हिशेबही करून पाहिला. मोरचुदात वजनाच्या चौथा हिस्सा तांबं असतं. मोकळ्या, म्हणजे आयनिक कॉपरची मात्रा ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. ५५ लिटरला ११ मिलिग्रॅम तांबं, म्हणजे साधारण ४३ मिलिग्रॅम मोरचूद. हे कोणत्याही घरगुती काट्यावर मोजता येणार नाही. लिटरभर पाण्यात ३.९ ग्रॅम विरघळवून त्यातले ११ मिलिलिटर घेणं जमलं असतं. पण शेतीच्या मोरचुदाची शुद्धता ठाऊक नाही. शिवाय समुद्री पाण्यात मोकळं कॉपर टिकत नाही, साका होऊन खाली बसतं. दिवसातून दोनदा मोजावं आणि भरावं लागतं. कोरल ब्यूटीसारख्या नाजूक माशासोबत इतक्या अरुंद वाटेवरून चालायचं नाही, असं ठरलं. सासऱ्यांना हे आकडे दाखवले तेव्हा ते लगेच मानले. फवारणीच्या मात्रेचा हिशेब त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

क्लोरोक्विनचा विचार झाला. इच आणि व्हेल्वेट दोन्हींवर चालतं, एकदाच घालायचं असतं, मात्रा साधारण १० ते १५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पण यात एक फसवी जागा आहे. २५० मिलिग्रॅमच्या क्लोरोक्विन फॉस्फेट गोळीत मूळ क्लोरोक्विन १५० मिलिग्रॅमच असतं. कोणता आकडा धरायचा यात लोक चुकतात. दुसरं, पाण्यात औषध किती उरलंय हे घरी मोजायचा काहीच उपाय नाही, आणि जिवाणू ते कधी कधी संपवून टाकतात. तिसरं, रास. एवढी कारणं नाही म्हणायला पुरेशी होती.

क्षारता १.००९ पर्यंत उतरवून ठेवणं हा औषधाशिवायचा मार्ग. इचवर उत्तम चालतो. पण रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं साधन, नीट जुळवलेला लागतो आणि व्हेल्वेटवर त्याचा काहीच उपयोग नाही. दर ७२ तासांनी मासे नव्या कोरड्या टाकीत हलवत राहण्याची पद्धतही तशीच: इचसाठी चांगली, व्हेल्वेटसाठी नाही.

"मग आख्खी मोठी टाकीच औषधाची का करू नये, तिच्यात मासे नाहीतच की?" असं घरातून विचारलं गेलं. मोठ्या टाकीतल्या कोळंब्या आणि गोगलगायी कॉपरने मेल्या असत्या. अॅरागोनाइट रेती आणि दगड कॉपर शोषून घेतात, त्यामुळे मात्रा कधीच स्थिर राहिली नसती, आणि पुढे त्या टाकीत अपृष्ठवंशी प्राणी ठेवणं कायमचं जोखमीचं झालं असतं.

उरलं चिलेटेड कॉपर. कॉपर एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं असतं, हळूहळू काम करतं, पाण्यात टिकतं, नाजूक माशांना तुलनेने सोसतं. आणि मोजता येतं. ताईंकडे हॅनाचा एचआय७०२ हा डिजिटल मापक होता, ० ते ५ मिलिग्रॅम मोजणारा. माझ्या मते निर्णय इथेच झाला. मोकळ्या कॉपरची मात्रा ०.२, अमाइनने बांधलेल्याची ०.५, चिलेटेडची २ ते २.५: तीन कॉपर, तीन आकडे. बाटली कोणती आणि मोजायचं साधन कोणतं हे जुळत नसेल तर औषध टाकूच नये, मग मासा कितीही आजारी असो.

काय केलं

आधी गोड्या पाण्याची आंघोळ. आरओच्या पाण्याचं तापमान टाकीएवढं केलं, खायच्या सोड्याने पीएच जुळवला, हवेचा दगड (बुडबुडे सोडणारा) सोडला आणि काळ्या बादलीत टँगला पाच मिनिटं ठेवलं. पहिल्या मिनिटात तो आडवा पडला. बरेच मासे पडतात, त्यावर लक्ष ठेवायचं, पण लगेच काढायचं नाही. श्वास चालू होता, म्हणून थांबलो. काळ्या तळावर पांढरे लंबगोल पापुद्रे पडलेले दिसले, तीन-चार मिलिमीटरचे. हे फ्लूक, म्हणजे निओबेनेडेनियासारखे चपटे कृमी. माशाच्या अंगावर ते पारदर्शक असतात, गोड्या पाण्यात पांढरे होऊन गळतात.

म्हणजे रोग एक नव्हता, दोन होते. इथे दुसरा निर्णय: दोन्ही औषधं एकदम की एकामागून एक? फ्लूकवर प्राझिक्वांटेल चालतं, कॉपर चालत नाही. काही अनुभवी मंडळी दोन्ही एकत्र देतात. आम्ही नाही दिलं. नव्या, दमलेल्या माशांची भूक कॉपरने कमी होते, प्राझिक्वांटेलनेही होते. आणि काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं हे कळणार नाही. जो लवकर मारतो त्याला आधी आवरायचं. आंघोळीने फ्लूकचा भार तात्पुरता उतरला होता, तेवढी उसंत पुरेशी होती.

कॉपर पायरीपायरीने चढवलं. पहिल्या दिवशी ०.६, दुसऱ्या दिवशी १.०, तिसऱ्या दिवशी १.५. दर वेळी आधी मोजायचं, मग घालायचं, काही तासांनी परत मोजायचं. बाष्पीभवनाने पाणी उतरलं की कॉपर दाट होतं, म्हणून मोजण्याआधी आरओ पाण्याने काचेवरच्या पट्टीपर्यंत पातळी आणायची.

तिसऱ्या संध्याकाळी दोन गोष्टी एकदम घडल्या. कोरल ब्यूटीने खाणं सोडलं. आणि टँगच्या अंगावरचे ठिपके नाहीसे झाले. घरात आनंद झाला. ताईंनी विचारलं, आता इथेच थांबूया का?

सगळ्या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची वेळ हीच होती. ठिपके जाणं हा इचचा स्वभाव आहे. परजीवी माशाच्या अंगावर काही दिवस खातो, मग स्वतःहून गळून पडतो, तळाला चिकटून कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्लं निघू शकतात, आणि ती एक-दोन दिवसांत मासा शोधतात. कॉपर ना अंगावरच्या ठिपक्याला मारतं, ना कवचातल्या गोळ्याला. ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. म्हणजे औषधाचं खरं काम ठिपके गेल्यावर सुरू होतं, आणि नेमक्या त्याच दिवशी माणसाला थांबावंसं वाटतं.

थांबायचं नाही हे नक्की, पण कोरल ब्यूटी उपाशी असताना चढवायचं का? मधला मार्ग निघाला. मात्रा १.५ वर दीड दिवस धरायची आणि तेवढ्यात तिला खायला लावायचं. ताईंनी मंडईतून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणल्या, धुऊन फ्रीझरमध्ये ठेवल्या, मग एक उघडून अर्धा शिंपला पाइपशेजारी ठेवला. दगडावरून टिपून खाणाऱ्या माशाला ही रीत ओळखीची वाटते. सकाळी तिने चोच मारली, दुपारपर्यंत शिंपला साफ केला. शिंपला लगेच बाहेर काढला, कारण तोही कॉपर शोषतो. मग १.९, आणि सहाव्या दिवशी २.२५.

आठव्या दिवशी अमोनिया ०.५ वर गेला. मुरवलेला फिल्टर होता, पण कॉपरने जिवाणूंचीही गती मंदावते, आणि तीन मासे, त्यात एक खादाड टँग, ५५ लिटरला जास्तच होते. ताईंच्या हातात अमोनिया निष्प्रभ करणाऱ्या द्रवाची बाटली होती. साध्या टाकीत ती उपयोगी असते. कॉपरच्या टाकीत तिला जागा नाही. ही द्रवं क्षपणकारी असतात, त्यांच्यामुळे बांधलेलं कॉपर जास्त विषारी रूपात सुटू शकतं. बाटली न उघडता त्यांनी फोन केला, हे फार चांगलं झालं. त्याऐवजी २५ लिटर नवं क्षारपाणी केलं, त्यात आधीच २.२५ पर्यंत कॉपर मिसळून मोजलं, आणि मग पाणी बदललं. नुसतं पाणी बदललं असतं तर मात्रा जवळपास निम्म्यावर आली असती आणि दिवसांची मोजणी पहिल्यापासून करावी लागली असती.

२ च्या वर सलग चौदा दिवस पूर्ण झाल्यावर मासे प्लास्टिकच्या एका नव्या टबात हलवले. त्याच टाकीत ठेवायचे असते तर तीस दिवस कॉपर लागलं असतं, कारण तळावरची कवचं उशिरापर्यंत फुटत राहतात. मासे नव्या, कोरड्या भांड्यात गेले की कवचं मागे राहतात. टँगला जाळीने नाही, प्लास्टिकच्या डब्याने उचललं. त्याच्या शेपटीजवळचा काटा जाळीत अडकतो. जुन्या टाकीच्या पाण्यात दोन दिवस कार्बन फिरवून मग ते सोडून दिलं.

टबात प्राझिक्वांटेल. पशुवैद्यकांनी ६०० मिलिग्रॅमची, फक्त प्राझिक्वांटेल असलेली गोळी लिहून दिली. कुत्र्यांच्या जंताच्या बऱ्याच गोळ्यांत सोबत पायरँटेल किंवा फेबँटेल असतं, त्या नको होत्या. टबातही ५५ लिटरच पाणी मोजून भरलं होतं. २.५ मिलिग्रॅम प्रति लिटरने १३७ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण पाव गोळी. ती पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून बारीक कुटून थोड्या पाण्यात ढवळून घातली.

त्याच रात्री पाणी दुधाळ झालं. प्राझिक्वांटेल आणि गोळीतले इतर घटक जिवाणूंना खाद्य होतात, आणि वाढणारे जिवाणू प्राणवायू खातात. पहाटे वीज गेली. हवेचा पंप इन्व्हर्टरवर नव्हता. सकाळी सिक्स लाइन रास तळाशी मेलेला होता. टँग आणि कोरल ब्यूटी पृष्ठभागाशी धापा टाकत होते. पाणी लगेच बदललं, दोन हवेचे दगड लावले. दोघं वाचले.

निकाल

प्राझिक्वांटेलचा दुसरा हप्ता सात दिवसांनी, सुटीच्या दिवशी सकाळी दिला. फ्लूकची अंडी पहिल्या हप्त्यात मरत नाहीत, त्यांतून निघालेली पिढी दुसऱ्याने घ्यावी लागते. या वेळी चारा निम्मा केला होता आणि बॅटरीवर चालणारा पंप शेजारी तयार होता. काही झालं नाही. पुढे दोन आठवडे औषधाविना निरीक्षण. परत केलेल्या गोड्या पाण्याच्या आंघोळीत एकही पापुद्रा पडला नाही. टँग आणि कोरल ब्यूटी मोठ्या टाकीत गेले. या लिखाणापर्यंत दोघं निरोगी आहेत आणि टँगच्या पोटाची खपाटी भरून आली आहे.

रास गेला. त्याला कधी ठिपका नव्हता, कॉपरच्या सर्वोच्च मात्रेतही तो खात होता. रोगाने त्याला नेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी त्या रात्रीबद्दल. नवं औषध संध्याकाळी द्यायला नको होतं. देणारा पुढचे आठ-दहा तास जागा असेल तेव्हाच ते घालावं, म्हणजे सकाळी. आणि बॅटरीचा पंप ही काही शे रुपयांची वस्तू आहे. औषधांची यादी करताना आम्ही बाटल्या, मापक, काटा सगळं लिहिलं, हवा लिहिली नाही. औषध देताना माशाला लागणारा प्राणवायू वाढतो आणि पाण्यातला घटतो. मापकाइतकीच जागा त्या यादीत पंपाला हवी.

दुसरी गोष्ट वादाची आहे. पिशवीतल्या पाण्यात ०.३५ कॉपर दिसल्यावर चार दिवस वाट पाहिली. लक्षणं नसताना औषध द्यावं की द्यायचं नाही, यावर छंदातल्या मंडळींचे दोन तट आहेत. मी एरवी निरीक्षणाच्या बाजूचा आहे. निरोगी माशाला उगाच कॉपर देऊ नये, त्याने भूक आणि प्रतिकारशक्ती दोन्ही खालावतात. पण इथे पावडर ब्ल्यू होता आणि अर्धवट कॉपरमधून आलेला होता. अशा माशाने नीट खायला सुरुवात केली की दुसऱ्याच दिवशी मात्रा चढवायला घ्यावी, असं माझं आता ठाम मत आहे. ते चार दिवस मिळाले असते तर कोरल ब्यूटीसाठी आठवडाभर सावकाश चढवता आलं असतं.

तिसरी, निदान. टँगच्या अंगावरचा थोडा चिकट स्राव काचपट्टीवर घेऊन साध्या शाळकरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तर संशय उरला नसता. क्रिप्टोकॅरिऑनचा मोठा गोळा झालरीसारख्या केसांनी गोल फिरत असतो. अमायलूडिनियम हलत नाही, तपकिरी आणि नासपतीच्या आकाराचा असतो. फक्त इच आहे हे कळलं असतं तर १.००९ क्षारतेचा मार्ग मोकळा होता आणि कोरल ब्यूटीला कॉपर बघावंही लागलं नसतं. अर्थात सरावाशिवाय धापा टाकणाऱ्या माशाला असं हाताळणं सोपं नाही, आणि अशा वेळी दोन्ही रोगांवर चालणारं औषध निवडणं मला आजही बरोबर वाटतं.

चौथी, जागा. तीन मासे, तीन वेगळ्या सहनशक्ती, एक टाकी. अमोनियाची पाळी त्यामुळेच आली. टँग एकटा ५५ लिटरमध्ये आणि बाकीचे दोघं दुसऱ्या टबात, असं केलं असतं तर रास कॉपरविना राहिला असता. प्लास्टिकचा टब आणि जास्तीचा स्पंज फिल्टर यांचा खर्च त्या टँगच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

ताईंनी पुढच्या खेपेला पुन्हा सिक्स लाइन रास आणायचं ठरवलं आहे. तो वेगळ्या टबात राहील, कॉपर नाही, दर ७२ तासांनी टब बदलायचा. दुसरा टब येऊन पडला आहे, दोन स्पंज संपमध्ये मुरायला टाकले आहेत, आणि बॅटरीच्या पंपाची एक जास्तीची जोडी खणात आहे.